कात्री आणि मानपान

लग्नाच्या व्हिडिओत नवरीचा मामा किती वेळ दिसायला हवा, याचं उत्तर चित्रपट-संकलनाच्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. बारामतीत किंवा इंदापुरात मिक्सिंग, म्हणजे अशा व्हिडिओचं संकलन, करणाऱ्या पोराला मात्र ते कुणी सांगावं लागत नाही. अंतरपाटाच्या वेळी मामा नवरीच्या मागे उभा असतो, त्यामुळे तो चौकटीत येतोच. पण तेवढ्यानं भागत नाही. त्याला पोशाख होताना तो दिसला पाहिजे, नवरीला मंडपात आणताना दिसला पाहिजे आणि पाठवणीत डोळे पुसत असेल, तर तो तुकडा कितीही हललेला असो, फोकस गेलेला असो, ठेवावाच लागतो. पडद्यामागच्या कलावंतांवर लिहायचं म्हटलं की लेखणी सवयीनं मुंबईची वाट धरते. पण संकलन हे काम आता तालुक्याच्या गावातही पोट भरण्याचं साधन झालं आहे आणि तिथे त्याचे कायदे निराळे आहेत. शहरातला जाणकार ते पाहून हसतो: किती लांबण, किती ते सत्कार, किती उडती फुलं! फुलांबद्दल त्याच्याशी वाद नाही. लांबणीबद्दल आहे. सिनेमाचा संकलक कापतो तो ज्याला आधी काहीच ठाऊक नाही अशा प्रेक्षकासाठी. इथला मिक्सिंगवाला कापतो तो ज्याला सगळं ठाऊक आहे आणि जो स्वतःच चित्रात आहे अशा माणसासाठी. या एका फरकातून बाकीचं सगळं निघतं, आणि तो लक्षात घेतला तर ज्याला आपण कच्चं काम समजतो त्यातलं बरंचसं एका वेगळ्या कसबाचं काम आहे हे दिसू लागतं.

सणसर–लासुर्णे, २१ एप्रिल

मिक्सिंगची खोली बहुधा फोटो स्टुडिओच्या माळ्यावर किंवा पाठीमागे असते. पुढच्या बाजूला काचेत अल्बमचे नमुने, पासपोर्ट फोटोची निळी-पांढरी पार्श्वभूमी, बारशाच्या फ्रेमा. मागे दोन मॉनिटर, एक यूपीएस आणि माणसापेक्षा संगणकासाठी लावलेला एसी. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि लगीनसराईही तेव्हाच भरात असते. त्यामुळे रेंडर लावायचा तो रात्री. टेबलावरच्या हार्ड डिस्कवर मार्करनं लिहिलेलं असतं ते नवरा-नवरीचं नाव नसतं. दोन गावं आणि तारीख, एवढंच: ‘सणसर–लासुर्णे, २१ एप्रिल’. एकाच आडनावाची लग्नं एकाच आठवड्यात चार येतात. दोन गावं आणि तारीख मात्र सहसा जुळून येत नाही.

ही डिस्क ज्याच्या टेबलावर पडते तो लग्नाला गेलेलाच असतो असं नाही. शूटिंग घेणारा स्टुडिओवाला वेगळा, त्यानं दिवसाच्या हजेरीवर बोलावलेले कॅमेरावाले वेगळे, ड्रोनवाला तिसरा, आणि मिक्सिंग करणारा चौथा. तो एका वेळी चार-पाच स्टुडिओंची कामं घेतो. भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगर, सांगवी अशा ठिकठिकाणच्या स्टुडिओंचा डेटा मोटारसायकलच्या डिकीतून येतो, कारण हळद, लग्न आणि वरात मिळून शे-दोनशे जीबीचा ऐवज गावाकडच्या इंटरनेटवरून पाठवायचा तर तोवर पुढचं लग्न उरकतं. डेटा आला की पहिलं काम कापण्याचं नसतं, जुळवण्याचं असतं. स्टेजसमोर तिकाटण्यावर ठेवलेला ‘ट्रॅडिशनल’ कॅमेरा, माणसांत फिरणारा ‘कॅन्डिड’ कॅमेरा, ड्रोन आणि घरच्या कुणीतरी ‘हेही घाला’ म्हणून दिलेलं मोबाइलचं चित्रण. प्रत्येकाचं घड्याळ निराळं. तेव्हा खूण धरायची ती आवाजाची. मंगलाष्टकं लाउडस्पीकरवरून सगळ्या कॅमेऱ्यांच्या कानावर पडलेली असतात. टाइमलाइनवर त्या आवाजाची शिखरं एकाखाली एक आणून लावली की चित्रं आपोआप रांगेत येतात.

मोबाइल मात्र इथे दगा देतो. आपल्याकडे व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी टिपतो आणि तो वेग पाळतो. मोबाइल तीस म्हणतो खरा, पण उजेड कमी झाला, फोन तापला, की गुपचूप चौकटी कमी-जास्त करतो. परिणाम असा की सुरुवातीला ओठ आणि शब्द बरोबर जुळलेले असतात आणि वीस मिनिटांनी ‘सावधान’ आधी ऐकू येतं, अक्षता नंतर पडतात. उपाय सोपा आहे: मोबाइलचं चित्रण आधी ठरावीक वेगात बदलून घ्यायचं. पण तो माहीत नसलेला नवशिका रात्रभर एकेक तुकडा मागे-पुढे सरकवत बसतो. तसंच लॉन्सवरच्या दिव्यांचं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. कॅमेऱ्याचं शटर तिच्याशी जुळवलं नसलं की दिव्यांच्या उजेडात आडवे पट्टे सरकू लागतात. ते मिक्सिंगमध्ये पुरते निघत नाहीत. मग संकलक काय करतो, तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो आणि पट्टेवाला तुकडा तेवढाच ठेवतो जिथे एखादा पाहुणा दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. म्हणजे चित्राचा दोष आणि माणसाची गरज यांचा सौदा होतो, आणि इथे माणूस जिंकतो.

मुंबईच्या कात्रीपासून मिक्सरपर्यंत

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंतची आणि तुकडे जोडण्याची कामं सरस्वतीबाईंच्या हातून झाली. घरात बसून, शिकत-शिकत. हा धंदा पुढेही बराच काळ असाच हातून हातात गेला. वामन भोसले हे त्याचं ठळक उदाहरण. गोव्यातल्या पोंबुर्प्यात जन्मलेला हा माणूस १९५२ च्या सुमारास बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली लागला, नंतर फिल्मिस्तानमध्ये अनेक वर्षं साहाय्यक राहिला आणि ‘दो रास्ते’पासून स्वतंत्र झाला. ‘इन्कार’साठी त्यांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिल्यावर या कामाला वर्ग, फळा आणि पदविका मिळाली. ती संस्था बारामतीपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. पण बारामतीतलं मिक्सिंग तिथून आलेलं नाही. ते आलं व्हीएचएस कॅमेऱ्यातून.

खांद्यावरचा तो अवजड पॅनासॉनिक कॅमेरा, त्यावरचा डोळे दिपवणारा हॅलोजन दिवा आणि मागे वायर धरून पळणारा पोरगा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या काळाची ओळख करून द्यायला नको. दोन व्हीसीआर, मध्ये एक मिक्सर: एकावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर उतरवायची, आणि बदाम उघडतो, पान उलटतं असे इफेक्ट मिक्सरच्या दांडीनं द्यायचे. कामाला मिक्सिंग हे नाव त्या खोक्यावरून पडलं आणि खोकं गेल्यावरही राहिलं. या पद्धतीत काम सरळ रेषेत चाले. चाळिसाव्या मिनिटाला आत्याची ओटी राहिली असं नंतर लक्षात आलं, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं, नाहीतर आणखी एक प्रत काढून आणखी धुरकट चित्र पत्करायचं. त्यामुळे कापण्याआधीच कोण-कोण यायला हवं ते पक्कं करण्याची सवय लागली. पुढे संगणक आले, ‘एडियस’सारखी सॉफ्टवेअर आली, कुठलाही तुकडा कुठेही घुसवता येऊ लागला, पण ही सवय सुटली नाही. उस्तादाकडून चेल्याकडे पहिल्यांदा जाते ती तीच. कीबोर्डवरच्या खुणा नंतर शिकवतात.

मर्चच्या यादीत नसलेला निकष

हॉलीवुडचा नामांकित संकलक वॉल्टर मर्च यानं कट कुठे द्यावा याचे सहा निकष मांडले आहेत आणि त्यांना टक्केवारीही दिली आहे. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०. पात्रं जागेत कुठे उभी आहेत वगैरे तांत्रिक गोष्टी अगदी शेवटी. टक्के अर्थात गमतीचे आहेत. मुद्दा असा की भावना टिकत असेल तर बाकीचं सोडून द्या. आता हा निकष आपल्या सत्काराला लावून पाहा. या भागातल्या मोठ्या लग्नात निवेदक असतो. तो माइकवरून नावं घेतो. कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, सरपंच, माजी सरपंच, वर-वधूकडचे पाहुणे एकेक करून स्टेजवर येतात, फेटा, शाल, श्रीफळ, फोटो, उतरले. भावना नाही, कथा नाही, लय तर नाहीच. मर्चच्या हिशेबानं हे सगळं दहा सेकंदांत उडवायला हवं. इथे मात्र ते पंचवीस-तीस मिनिटं चालतं आणि एकही फेटा कापता येत नाही.

ही केवळ नेत्यांची खुशामत असती तर सोडून देता आली असती. पण व्हिडिओ पहिल्यांदा घरी दाखवल्यावर ‘करेक्शन’ची जी यादी येते ती पाहावी. अमुक कट लवकर झाला, तमुक संगीत जुळलं नाही, असं त्यात क्वचितच असतं. असतं ते हे: धाकट्या चुलत्यांचा सत्कार राहिला, थोरल्या बहिणीनं करवली म्हणून ओवाळलं ते दिसत नाही, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचा नुसता हात दिसतो. यादी सगळी माणसांची. शिवाय क्रमही त्यात असतो. थोरल्या घरचा आहेर धाकट्याच्या नंतर दाखवला तर तो चुकीचा कट ठरतो, मग दृश्य म्हणून तो कितीही सुंदर असो. मर्चच्या यादीच्या वर इथे एक निकष आहे: नातं. आणि त्याचं वजन इतकं की बाकीच्या सहांनी उरलेल्या जागेत भागवावं.

सगळं ठाऊक असलेला प्रेक्षक संकलकाचे हात आणखी एका ठिकाणी बांधतो. रशियातल्या कुलेशॉव्हनं शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी जोडली तर लोकांना त्या चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख दिसतं. सिनेमा या युक्तीवर जगतो. दुपारी टिपलेला चेहरा रात्रीच्या प्रसंगात घालता येतो. मिक्सिंगमध्येही हा मोह रोज होतो. पाठवणीच्या वेळी कॅमेरा नवरीवर होता, बापाचा चेहरा मिळालाच नाही. पण दुपारी पंगतीत रुमालानं कपाळ पुसताना तो सापडतो. कापून पाठवणीत घातला, सारंगी वाजवली, की परक्या माणसाच्या डोळ्यांत पाणी उभं राहील. पण पाहणारे परके नाहीत. पंगतीच्या वेळी बापाच्या डोक्यावर फेटा होता, पाठवणीला टोपी होती, हे घरातल्या नऊ वर्षांच्या पोराच्याही ध्यानात येतं. मग त्या व्हिडिओतल्या खऱ्या रडण्यावरही लोक हसतात. इथली सलगता तपासायला कुणी साहाय्यक लागत नाही. आख्खी भावकी ते काम फुकट करते.

बेलवाडीचा गोल

लग्नाबाहेर या दोन तालुक्यांतल्या संकलकाची खरी परीक्षा आषाढात होते. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि पुढे बेलवाडीला सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण. मधोमध पालखी, भोवती माणसांचं कडं. पताकाधारी धावतात, तुळशी डोईवर घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात आणि अखेरीस अश्व. हे कापायला घेतलं की पुस्तकातला पहिला नियम मोडून पडतो. नियम असा की दोन कॅमेरे हालचालीच्या रेषेच्या एकाच बाजूला हवेत, नाहीतर डावीकडून उजवीकडे पळणारा घोडा पुढच्या कटला उजवीकडून डावीकडे पळू लागतो आणि पाहणाऱ्याला वाटतं तो परत फिरला. पण गोलाला बाजूच नाही. अलीकडच्या कडेनं डावीकडून उजवीकडे जाणारा घोडा पलीकडच्या कडेनं उलटाच जाणार. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन कॅमेऱ्यांचं चित्रण नुसतं जोडलं तर रिंगणात दोन घोडे समोरासमोर येऊन आदळतील असंच दिसतं.

यावर इथे निघालेले तोडगे कुठल्या वर्गात शिकवलेले नाहीत. एक म्हणजे पालखी आणि पताका यांचा खुंटा करायचा: प्रत्येक तुकड्यात मागे पालखी दिसत असेल तर घोडा कुठूनही कुठेही गेला तरी तो तिच्याभोवती फिरतोय हे डोळ्याला कळतं. दुसरा, दोन उलट्या तुकड्यांमध्ये दिशा नसलेला तुकडा घालायचा. टापांची उडालेली माती, ती उचलून कपाळाला लावणारा हात, वर झालेले टाळ. तिसरा ड्रोनचा. परवानगी मिळाली आणि वरून गोल दिसला की एका क्षणात सगळी दिशा उलगडते. पण त्यात माणसांचे ठिपके होतात, आणि ज्या गावानं शूटिंगचे पैसे दिले त्याला ठिपके नको असतात. पुन्हा मामाचाच प्रश्न. म्हणून बेलवाडीच्या चांगल्या व्हिडिओत ड्रोनचा तुकडा दोन-तीन सेकंदांचाच असतो आणि कपाळाला माती लावणाऱ्यांचे चेहरे बरेच. टाळांचा ठेका कट देण्यासाठी आयताच हाती असतो. नवखा दर ठोक्याला कापतो आणि दोन मिनिटांत कंटाळा आणतो, मुरलेला दोन-तीन ठोके सोडून एकदा अवचित.

बैलगाडा शर्यतीत तर संकलन पंचाच्या शेजारी जाऊन बसतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केल्यावर आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केल्यावर मैदानं पुन्हा भरू लागली आणि त्यांचं थेट प्रक्षेपणही. निकालाच्या रेषेवरचा तुकडा मागे घेऊन, हळू करून दाखवला जातो. जोडी ताशी ४० किलोमीटरनं धावत असेल तर २५ चौकटींच्या हिशेबात दोन चौकटींमध्ये ती चाळीसेक सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. नाकाएवढ्या फरकाचा निकाल नेमका त्या न टिपलेल्या चाळीस सेंटिमीटरांत असू शकतो. म्हणून सेकंदाला शंभराच्या वर चौकटी टिपणारा कॅमेरा रेषेवर लावणं ही हौस राहिलेली नाही.

रीलची उलटी मागणी

उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळा तालुका आहे. तिथल्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला आणि या सगळ्या पट्ट्यानं आपली केळी, आपल्या विहिरी, आपली बोली पडद्यावर पाहिली. कुतुब इनामदार यांनी संकलित केलेला हा जवळजवळ तीन तासांचा सिनेमा कुठे लांबवायचं आणि कुठे काढून घ्यायचं याचा धडाच आहे. पहिल्या भागात धावणं, पोहणं, नुसतं पाहणं लांबत जातं. शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतला आहे. त्या चित्रपटानंतर लग्नाच्या व्हिडिओत संथ गतीनं धावणारी जोडपी वाढली, केळीच्या बागेत प्री-वेडिंग होऊ लागली. शांतता मात्र कुणी उचलली नाही. मिक्सिंगमध्ये आवाज पूर्ण बंद ठेवणं ही अजूनही चूक समजली जाते. गिऱ्हाईक म्हणतं, आवाज गेलाय.

रीलनं मात्र इथला कायदा उलटा केला. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तीस सेकंदांचं रील हवं, महिन्याभरानं तीन तासांचा व्हिडिओ. दोन्ही एकाच माणसाच्या हातून. रील पाहणार ते अनोळखी लोक, म्हणून तिथे सिनेमाचा नियम चालतो: मामा उडाला, चुलते उडाले, उरली नवरी, तिची नजर आणि एक गाणं. गाण्याचं त्रांगडं वेगळंच. लग्नात, वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण ती वाजवण्यापुरती. तेच गाणं व्हिडिओला जोडून यूट्यूबवर चढवलं की यंत्रणा ते ओळखते आणि आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे भलतीकडे जातात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका पाठोपाठ आल्या तेव्हा हेच हात प्रचाराची रील्स कापत होते. सभेतलं चाळीस मिनिटांचं भाषण वीस सेकंदांवर. भाषण करणारा त्याबद्दल कधी तक्रार करत नाही, सत्कार राहिलेला चुलता करतो. दोन्ही कात्र्या एकाच हातात असल्यामुळे या पोरांना एक गोष्ट नेमकी कळते जी पुष्कळ पदवीधर संकलकांना कळायला वेळ लागतो: कट बरा की वाईट हे पाहणारा कोण आहे यावर ठरतं.

आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा: तीन तासांचा व्हिडिओ कोण बघतो? दोनदा लावला की पेनड्राइव्ह कपाटात जातो. खरं आहे. पण कपाटातून तो पुन्हा केव्हा निघतो हेही पाहावं. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की दशक्रियेच्या आत स्टुडिओत फोन येतो. नातवाच्या लग्नात आजोबा हसत बोलले होते, तेवढा तुकडा काढून द्या. बऱ्याचदा त्या माणसाचं चालतं-बोलतं चित्रण तेवढंच असतं. फ्लेक्ससाठी त्यातलीच एखादी चौकट मागतात, आणि मग फुल एचडी चौकटीत जेमतेम वीस लाख बिंदू असल्यामुळे मोठ्या फ्लेक्सवर चेहरा मऊ पडतो, ती रडकथा वेगळी. पंचवीस मिनिटांच्या सत्काराचं त्या दिवशी कंटाळवाणं असणं हा त्याचा दोष खरा, पण तो पाहण्यासाठी कापलेलाच नाही, शोधण्यासाठी कापलेला आहे. हायलाइट पाहायला, लांब व्हिडिओ शोधायला.

दुसरा आक्षेप हल्लीचा: हे सगळं आता एआय करेल. बारामतीत तर कृषी विज्ञान केंद्राच्या उसाच्या फडातही एआय आलं आहे, मिक्सिंगची काय कथा! चेहरा ओळखून प्रत्येक पाहुण्याला त्याचे फोटो पाठवणारी ॲप लग्नात वापरली जातातच. तीन कॅमेरे जुळवणं, हललेले तुकडे बाजूला काढणं हे काम यंत्रानं करावंच. त्यात कुणाचीच कला अडकलेली नाही. यंत्र सांगेल की हा चेहरा २१४ तुकड्यांत आहे. तो चेहरा वाजंत्रीवाल्याचा आहे की पाच वर्षं बोलचाल बंद असलेल्या आणि या लग्नात पहिल्यांदा उंबरा चढलेल्या भावाचा, हे त्याला कुणीतरी सांगावं लागेल. आज तोटा होतोय तो वेगळ्या कारणानं: काही स्टुडिओ स्वस्तात पडतं म्हणून डेटा दूरच्या शहरांत पाठवतात. तिथून व्हिडिओ झकपक येतो आणि करेक्शनची यादी दुप्पट होते.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. नात्याचा मान राखणारं संकलन हे ज्यांना मान आहे त्यांचंच संकलन असतं. कॅमेरा पुरुष सांगतात तिकडे वळतो. हळदीत सवाष्णींचा घोळका दिसतो. कडेला बसलेली विधवा काकू, जिनं आदले चार दिवस घर सावरलं, ती कुठल्याच यादीत नसते. आचारी, वाढपी, मांडववाले नसतात. हे नाकारता येत नाही, आणि ‘आम्ही समाज आहे तसा दाखवतो’ असं म्हणून सुटणंही बरोबर नाही, कारण कापणाऱ्याच्या हाती काहीच नसतं असं नाही. कॅन्डिड कॅमेऱ्यात काकू दोन-तीनदा तरी आलेली असते. ती ठेवली तर कुणी करेक्शन मागत नाही. मानपान कमी केल्याचीच तक्रार येते, वाढवल्याची येत नाही. ज्या व्यवस्थेत माणूस वगळणं गुन्हा आहे तिथे माणूस वाढवायला फार मोठी मोकळीक असते. ती वापरणारे थोडे आहेत, एवढाच दोष इथल्या कारागिरांना द्यावा लागेल, आणि तो द्यायला हवा.

उसाच्या बिलापर्यंत

या कौशल्याचा मोबदला मात्र विचित्र साखळीत अडकला आहे. मुंबईत चित्रपट-संकलकांची संघटना आहे, कार्ड आहे, श्रेयनामावलीत नाव येतं. तालुक्याच्या गावी फोटोग्राफर मंडळी १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन साजरा करतात, कॅमेऱ्याची पूजा होते. मिक्सिंगवाला तिथे असलाच तर टाळ्या वाजवायला. व्हिडिओच्या सुरुवातीला नाव झळकतं ते स्टुडिओचं. पैसे ठरतात प्रोजेक्टवर, आणि हाती पडतात ते गिऱ्हाइकानं स्टुडिओला दिल्यावर. गिऱ्हाईक देतं उसाचं बिल जमा झाल्यावर. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्यानं हप्ता लांबवला की त्याची कळ माळ्यावरच्या खोलीपर्यंत पोचते. त्यात करेक्शनच्या फेऱ्या. पहिली फुकट समजली जाते, दुसरी भिडेखातर, तिसरीला वाद. तांत्रिक कामाचा दर लागतो, माणसं ओळखण्याचा लागत नाही; आणि व्हिडिओ परत येतो तो माणसांपायीच.

धंदा करणाऱ्यांपैकी काहींनी यावर साधा इलाज सुरू केला आहे: शूटिंगच्या आधीच घरच्यांकडून नातेवाइकांची यादी लिहून घ्यायची, शक्य तर जुन्या फोटोंसकट, आणि त्या यादीबाहेरच्या करेक्शनचे पैसे वेगळे लावायचे. सगळ्यांनी तो उचलावा. फक्त ही यादी भरायला बैठकीतल्या पुरुषांसमोर ठेवू नये, कारण तिथे ती सत्काराची यादी होते. आत स्वयंपाकघरात न्यावी. कोण कुणाचं, कोण किती वर्षांनी आलंय आणि कुणाला विसरलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल, हे तिथे ठाऊक असतं. आणि काकूचं नावही तिथेच लिहिलं जाण्याची शक्यता आहे.